परमुलखातील फळा : इथिओपियात रुजणारा भारतीय शिक्षक

परदेशी जाऊन शिकविणाऱ्या भारतीय शिक्षकांचा विषय निघाला म्हणजे सर्वसाधारणपणे आखाती देश, इंग्लंड किंवा अमेरिका ही नावे डोळ्यांपुढे येतात. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतीय शिक्षक ज्या देशाच्या आडवळणाच्या गावांपर्यंत पोचला, असा एक देश म्हणजे पूर्व आफ्रिकेतील इथिओपिया होय. गणित आणि विज्ञान आपल्याला भारतीय शिक्षकाने शिकविले असे अभिमानाने सांगणारी वडीलधारी माणसे तेथे आजही भेटतात. पुढे २००० नंतर त्या देशात नवनवी विद्यापीठे निघाली, तेव्हा भारतीय प्राध्यापक पुन्हा मोठ्या संख्येने तेथे गेले.

या देशाशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या जागी १६१० मध्ये खडकी हे शहर वसविणारा आणि त्याला नहरीने पाणी देणारा मलिक अंबर मूळचा इथिओपियाचाच. मराठीतील 'हबशी' हा शब्दही 'हबेशा' या तेथील लोकांच्या स्वतःच्या नावावरून आला आहे. तो आपल्याकडे हेटाळणीने वापरला गेला ही खेदाची गोष्ट असली, तरी मुळात ते एका प्राचीन आणि स्वाभिमानी लोकसमूहाचे नाव आहे, हे तेथे जाणाऱ्या मराठी शिक्षकाने ध्यानी ठेवलेले बरे.

शिक्षकांची निकड

इथिओपियातील आधुनिक शिक्षणाला आरंभापासूनच परदेशी शिक्षकांचा आधार लाभला. १९०८ मध्ये आदिस अबाबा येथे सम्राट मेनेलिक यांच्या नावाची शाळा निघाली, तेव्हा तिचे शिक्षक इजिप्तहून आणण्यात आले होते. हळूहळू देशात सुशिक्षितांचा एक वर्ग तयार होऊ लागला. पण १९३६ ते १९४१ या काळात इटलीने देश व्यापला आणि १९३७ च्या हत्याकांडात या तरुण सुशिक्षितांपैकी अनेकांचा बळी गेला. स्वातंत्र्य परत मिळाले तेव्हा शाळा उघडण्याची इच्छा होती, मुलेही होती. शिकविणारे मात्र नव्हते.

ही उणीव भरून काढण्यासाठी सम्राट हैले सेलासी यांच्या शासनाने बाहेरच्या देशांकडे पाहिले. माध्यमिक शिक्षणाचे माध्यम इंग्रजी असल्यामुळे भारतीय पदवीधर या कामास योग्य होते. त्यांत केरळचे शिक्षक संख्येने विशेष होते. १९६२ पासून अमेरिकेच्या शांतिदलाचे तरुण स्वयंसेवकही आले. पहिल्याच तुकडीत ते सुमारे पावणेतीनशे होते. १९७४ मध्ये राज्यक्रांती झाली, वरच्या वर्गांतील विद्यार्थी व शिक्षक ग्रामीण मोहिमेवर धाडण्यात आले आणि शिक्षणाची जुनी घडी विसकटली. भारतीय शिक्षकांच्या त्या पहिल्या पर्वाचा उतार तेथून सुरू झाला.

या सर्व काळात नव्याने पोचलेल्या शिक्षकापुढचा प्रश्न एकच राहिला. विषय त्याला येत होता. देश येत नव्हता. ज्याने देश शिकून घेतला त्याचाच विषय मुलांपर्यंत पोचला, असे या दीर्घ अनुभवाचे सार सांगता येईल.

उंचावरचे पहिले दिवस

मुंबईहून आदिस अबाबाचा विमानप्रवास पाचसहा तासांचा आहे. पण विमानातून उतरणारा माणूस समुद्रसपाटीवरून एकदम सुमारे २,३५० मीटर उंचीवर जातो. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंचीचे आहे, यावरून या बदलाची कल्पना यावी. पहिले काही दिवस जिना चढताना धाप लागते, डोके जड होते, झोप तुटक लागते. फळ्यासमोर सलग बोलतानाही दम अपुरा पडतो. हा आजार नव्हे. शरीर विरळ हवेशी जुळवून घेत असते. तथापि हृदयाचा किंवा श्वसनाचा विकार असणाऱ्याने निघण्यापूर्वीच वैद्यकीय सल्ला घ्यावा.

आफ्रिका म्हणजे उष्णता असे समजून केवळ सुती कपडे नेणारा नवागत पहिल्याच पहाटे कुडकुडतो. राजधानीत लोकरी वस्त्र लागते. त्याच देशात दिरे दावा, सेमेरा किंवा गांबेला येथे मात्र कडक ऊन असते आणि सखल भागांत हिवतापाचा धोकाही असतो. म्हणून नेमणूक कोणत्या गावी आहे हे पाहूनच सामान बांधावे.

उंचीचा परिणाम स्वयंपाकघरातही जाणवतो. आदिस अबाबात पाणी सुमारे ९२ अंश सेल्सिअसलाच उकळते. त्यामुळे उघड्या पातेल्यातील तुरीची डाळ शिजायला बराच जास्त वेळ लागतो. भारतीय बिऱ्हाडात प्रेशर कुकरची सोय असणे येथे केवळ चैनीचे ठरत नाही.

पीतज्वराची लस ही आणखी एक आवश्यक बाब. ती प्रवासापूर्वी किमान दहा दिवस अधिकृत केंद्रात टोचून घ्यावी आणि प्रमाणपत्र पारपत्रासोबत जपावे. हे प्रमाणपत्र नसेल तर भारतात परतताना विलगीकरणात राहावे लागू शकते.

घड्याळ आणि पंचांग

नवागत शिक्षकाची खरी फजिती होते ती घड्याळामुळे. इथिओपियात दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे तेथील एक वाजला. आपले आठ म्हणजे दोन. सायंकाळी सहानंतर रात्रीचे तास पुन्हा एकपासून सुरू होतात. "उद्या दोन वाजता तास आहे" असे ऐकून जो शिक्षक दुपारी दोनला शाळेत जाईल, त्याचे विद्यार्थी सकाळी आठपासून वाट पाहून केव्हाच निघून गेलेले असतील. यावर एक सोपी युक्ती आहे. घड्याळाच्या तबकडीवर काटा ज्या आकड्यावर असेल त्याच्या बरोबर समोरचा आकडा वाचावा : आठच्या समोर दोन, नवाच्या समोर तीन. कोणतीही वेळ ठरविताना ती स्थानिक की परदेशी पद्धतीची, हे विचारण्यात संकोच करू नये.

मराठी माणसाला ही रीत अगदीच परकी वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडेही सूर्योदयापासून घटका मोजल्या जात आणि पंचांगातील वार आजही सूर्योदयालाच बदलतो. विषुववृत्ताजवळच्या देशात सूर्य वर्षभर जवळजवळ एकाच वेळी उगवतो, म्हणून तेथे ही मोजणी व्यवहारातही टिकून राहिली.

दिनदर्शिकेचेही तसेच. इथिओपियाच्या वर्षात तीस दिवसांचे बारा महिने असतात आणि 'पागुमे' नावाचा पाच किंवा सहा दिवसांचा तेरावा महिना. नववर्ष ११ सप्टेंबरला, तर काही वर्षी १२ सप्टेंबरला सुरू होते, आणि वर्षांक आपल्या नेहमीच्या सनापेक्षा सात-आठांनी मागे असतो. २०२५ च्या सप्टेंबरात तेथे २०१८ हे वर्ष लागले. शक आणि इसवी सन एकाच भिंतीवर पाहणाऱ्या आपल्या माणसाला हे समजते. पण करारपत्रावर, परवान्यावर किंवा विद्यार्थ्याच्या जन्मतारखेवर कोणते वर्ष लिहिले आहे याची खात्री न केल्यास मोठा घोटाळा होतो. दोन्ही तारखा शेजारी शेजारी लिहिण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

ऋतू आणि शाळा यांची सांगड मात्र आपल्या उलट आहे. महाराष्ट्रात पहिला पाऊस आणि शाळेची पहिली घंटा बरोबर येतात. इथिओपियाच्या पठारावर जून ते सप्टेंबर हा मोठ्या पावसाचा काळ असतो. त्यात शाळांना दीर्घ सुटी असते आणि पाऊस ओसरून माळरानावर पिवळी फुले उमलली की नववर्षाबरोबर शाळा भरते.

नाव, अक्षर आणि 'इशी'

हजेरीपटावर विद्यार्थ्याचे नाव, वडिलांचे नाव आणि आजोबांचे नाव असते. आडनाव ही कल्पनाच तेथे नाही. शेवटचे नाव घेऊन हाक मारणारा शिक्षक त्या मुलाच्या आजोबांना हाक मारीत असतो, आणि वर्ग हसतो. माणसाला त्याच्या स्वतःच्याच नावाने संबोधायचे. आदरासाठी पुरुषाच्या नावापूर्वी 'आतो', विवाहित स्त्रीच्या नावापूर्वी 'वैझेरो' म्हणायचे. विवाहानंतर स्त्रीचे नाव बदलत नाही. शिक्षकालाही विद्यार्थी पहिल्या नावानेच 'टीचर अमुक' म्हणतात. त्यात अनादर नसतो.

अम्हारिक लिपी प्रथम पाहताना अवघड वाटते; पण तिची रचना मराठी माणसाच्या ओळखीची आहे. मूळ ३३ अक्षरे आणि प्रत्येकाची स्वरांनुसार सात रूपे, अशी २३१ चिन्हांची ही एक प्रकारची बाराखडीच होय. ती डावीकडून उजवीकडे लिहितात आणि वाक्यात क्रियापद मराठीप्रमाणेच शेवटी येते. अवघड आहेत ते काही ध्वनी. 'तिलाहुन' आणि 'तेस्फाये' या दोन नावांतील पहिला 'त' आपल्याला एकच भासतो, परंतु पहिल्या नावातील 'त' श्वास अडवून फटकाऱ्याने उच्चारायचा असतो. असे उच्चार विद्यार्थ्यांकडूनच शिकून घेणारा शिक्षक त्यांचा चटकन आपला होतो.

मात्र संपूर्ण देशाची भाषा अम्हारिक नाही. जिम्मा, अंबो, नेकेम्ते या भागांत ओरोमो भाषा बोलतात आणि ती रोमन लिपीत लिहितात. तिग्रिन्या, सोमाली, अफार आदी भाषांचे प्रदेश वेगळे आहेत. भाषा आणि वांशिक अस्मिता हा तेथे नाजूक विषय आहे. ज्या गावी राहायचे त्या गावच्या भाषेत नमस्कार आणि आभार मानता येणे, आणि वादाच्या राजकीय प्रश्नांवर वर्गात मतप्रदर्शन न करणे, ही दोन्ही पथ्ये नवागताने पाळावीत.

दोन बारकावे विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहेत. 'होय' म्हणण्यासाठी पुष्कळ लोक तोंडाने चटकन श्वास आत ओढतात. नव्या शिक्षकाला वाटते, मूल दचकले. दुसरा शब्द 'इशी'. त्याचा अर्थ 'ठीक आहे', 'बरे'. समजले का, या प्रश्नाला सारा वर्ग 'इशी' म्हणेल. पण तो होकार पुष्कळदा शिक्षकाच्या आदरापोटी असतो, समजल्याची पावती नसते.

एका ताटातील घास

शाकाहारी कुटुंबाला परदेशात अन्नाची चिंता वाटते. इथिओपियात ती बरीच हलकी होते, कारण तेथील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती समाज वर्षाकाठी १८० हून अधिक दिवस उपवास पाळतो. दर बुधवारी व शुक्रवारी, तसेच ईस्टरपूर्वीच्या ५५ दिवसांत मांस, अंडी, दूध वर्ज्य असते. खाणावळीत 'ये-त्सोम', म्हणजे उपवासाचे, एवढे सांगितले की मसुरीचे व वाटाण्याचे कालवण, पालेभाजी आणि 'शिरो' पुढे येते. डाळींचे पीठ मसाल्यात शिजवून केलेला हा शिरो म्हणजे थेट आपल्या पिठल्याचा भाऊ. सोबत 'तेफ' या बारीक धान्याचे पीठ आंबवून केलेली मोठी, जाळीदार 'इंजेरा' असते. आंबोळी खाणाऱ्याला तिचा आंबटपणा दोन आठवड्यांत आवडू लागतो. मांसाहाराच्या दिवशी मात्र कच्चे मांसही आवडीने खाल्ले जाते, हे जाणून असावे.

इंजेराचे एकच मोठे ताट मध्ये ठेवून सर्वजण उजव्या हाताने जेवतात. यजमान आपल्या हाताने घास करून पाहुण्याच्या तोंडात घालतो. त्याला 'गुर्शा' म्हणतात. उष्ट्या-खरकट्याच्या संस्कारात वाढलेल्या माणसाला क्षणभर अवघडते, पण घास भरविण्याचा अर्थ त्याला कोणी समजावून सांगावा लागत नाही. कॉफीचेही तसेच. तिचे मूळ याच भूमीतले. यजमानीण हिरव्या बिया समोर भाजते, कुटते, मातीच्या 'जेबेना'त उकळते आणि 'आबोल', 'तोना', 'बराका' अशा तीन फेऱ्या वाढते. पहिल्या पेल्यानंतर घाईने उठणे अशिष्ट समजतात. या तासाभराच्या बैठकीत घराचे भाडे, बाजारभाव, कोणत्या मुलाच्या घरी अडचण आहे, हे सारे नव्या शिक्षकाच्या कानी पडते.

खरी कसोटी वर्गात

या सर्वांपेक्षा महत्त्वाचा प्रश्न वर्गाचा आहे. १९९४ च्या शैक्षणिक धोरणानुसार तेथे प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून दिले जाऊ लागले. माध्यमिक व उच्च शिक्षणाचे माध्यम इंग्रजीच राहिले. त्यामुळे ओरोमो किंवा अम्हारिकमधून भूमिती शिकलेल्या मुलाला वरच्या वर्गात गेल्यावर तीच भूमिती अनोळखी भाषेत भेटते. समोर शिक्षकही परदेशी, त्याचे इंग्रजी भारतीय वळणाचे आणि वेग भराभर. मुले सभ्यपणे फळ्यावरचे सगळे उतरवून घेतात, 'इशी' म्हणतात, आणि उत्तरपत्रिका कोऱ्या राहतात.

याची किंमत लहान नाही. २०२३ च्या जानेवारीत बारावीच्या राष्ट्रीय परीक्षेचा निकाल जाहीर झाला, तेव्हा सुमारे नऊ लाख विद्यार्थ्यांपैकी केवळ ३.३ टक्क्यांना निम्मे किंवा अधिक गुण मिळाले होते. ती परीक्षा प्रथमच विद्यापीठांच्या आवारात कडक बंदोबस्तात घेण्यात आली होती आणि देशाच्या काही भागांत अशांतता होती, हे जमेस धरले तरी हा आकडा कोणत्याही शिक्षकाला अस्वस्थ करणारा आहे. भाषेची दरी हे त्यामागील एकमेव कारण नसले, तरी वर्गातील शिक्षकाच्या हाती असलेले ते कारण आहे.

येथे महाराष्ट्रातून गेलेल्या शिक्षकाजवळ एक मोलाचे भांडवल असते. मराठी माध्यमातून दहावी होऊन अकरावीला विज्ञान शाखेत गेलेल्या असंख्य मुलांनी हीच उडी मारलेली आहे. 'लंब', 'त्वरण', 'प्रकाशसंश्लेषण' हे शब्द एका रात्रीत परके झाल्यावर वर्गात कसे वाटते, ते अशा शिक्षकाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. त्या आठवणीतूनच त्याची पद्धत घडावी.

अनुभवी शिक्षक काही साध्या गोष्टी करतात. धड्यापूर्वी त्यातील आठ-दहा इंग्रजी संज्ञा फळ्याच्या कडेला लिहून त्यांचे स्थानिक प्रतिशब्द मुलांकडूनच मिळवितात. वाक्ये आखूड ठेवतात आणि बोललेले महत्त्वाचे वाक्य लिहूनही दाखवितात. 'समजले का' असे न विचारता एखादे उदाहरण सोडवून घेतात. मुलांना प्रथम आपसांत मातृभाषेत चर्चा करू देतात आणि नंतर निष्कर्ष इंग्रजीत मांडायला सांगतात. दाखलेही जवळचे घेतात : किण्वन शिकविताना इंजेराचे पीठ, क्षेत्रफळासाठी तेफचे शेत, ऊर्जेसाठी निळ्या नाईलवरील २०२५ मध्ये कार्यान्वित झालेले मोठे धरण. अपुरी पुस्तके, गच्च भरलेले वर्ग आणि खंडित वीज यांवर एकट्या शिक्षकाजवळ उपाय नसतो. पण बोलण्याचा वेग त्याच्या हातात असतो.

निघण्यापूर्वीची दक्षता

परदेशी नोकरीच्या आशेने फसवणूक झाल्याची उदाहरणे आपल्याकडे कमी नाहीत. परदेशात नोकरीसाठी भरती करणाऱ्या मध्यस्थाची केंद्र शासनाकडे नोंदणी असणे आवश्यक आहे. ती आहे की नाही हे पैसे देण्यापूर्वीच तपासावे. नेमणूकपत्र खुद्द संस्थेकडून पडताळून घ्यावे. वेतनाचा किती भाग बिर्र या स्थानिक चलनात आणि किती डॉलरमध्ये मिळणार, तो भारतात कसा पाठविता येणार, निवास व परतीचे भाडे कोणाकडे, हे करारात लेखी असावे. तेथे परकीय चलनाची टंचाई दीर्घकाळ राहिली आहे आणि २०२४ च्या जुलैत बिर्रचा दर बाजारावर सोपविल्यानंतर त्याचे मूल्य बरेच घसरले. घरच्या कर्जाचे हप्ते या वेतनावर विसंबून असतील तर हे कलम दोनदा वाचावे.

सुरक्षिततेचा विचारही आवश्यक आहे. नोव्हेंबर २०२० ते नोव्हेंबर २०२२ या काळात तिग्राय प्रांतात युद्ध झाले आणि तेथील विद्यापीठे बंद पडली. अशांततेच्या वेळी दूरध्वनी व इंटरनेट सेवा खंडित झाल्याचे प्रसंग अनेकदा आले आहेत. पोचताच आदिस अबाबा येथील भारतीय दूतावासात नाव नोंदवावे. आणि काही दिवस संपर्क तुटला तरी घाबरून जाऊ नये, हे गावाकडच्या आईवडिलांना आधीच समजावून ठेवावे.

रुजणे म्हणजे काय

सुरुवातीचे काही महिने कठीण असतात. नवेपणाचे कौतुक ओसरते, सण एकट्याने जातो, आणि आपण येथे कशाला आलो असा प्रश्न संध्याकाळी पडतो. हा टप्पा बहुतेकांच्या वाट्याला येतो आणि बहुतेकांचा ओलांडूनही जातो. ज्याने आपले बिऱ्हाड केवळ भारतीय शेजाऱ्यांपुरते बांधून घेतले त्याला तो लांब वाटतो. ज्याने गावच्या कॉफीच्या बैठकीत जागा मिळविली त्याचा तो लवकर सरतो.

आज इथिओपियातील उच्चविद्याविभूषित अध्यापकांची संख्या वाढली आहे आणि त्यांतील अनेकांनी भारतीय विद्यापीठांतून पदव्या घेतल्या आहेत. परदेशी शिक्षकाची गरज पुढेमागे कमी होत जाईल, आणि ते योग्यच आहे. आपल्या जागी उभा राहील असा विद्यार्थी घडविणे हेच त्याचे काम होते. तोपर्यंत जो कोणी खडू हाती घेऊन त्या पठारावरील वर्गात पाऊल टाकील, त्याने पहिल्या दिवशी मुलांना आपले नाव सांगावे, त्यांची नावे त्यांच्या उच्चारात म्हणून पाहावीत, आणि चुकल्यास त्यांच्याकडून दुरुस्त करून घ्यावीत. शिक्षकही चुकतो व शिकतो हे एकदा दिसले, की मागच्या बाकावरील मूल 'इशी' म्हणण्याऐवजी 'समजले नाही' असे म्हणण्याचे धैर्य करते. शिकविण्याला सुरुवात तेथूनच होते.